सोसायटीच्या ग्रुपवर कोणी काय टाकायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, डोंबिवलीत आमची तीन विंगची सोसायटी आहे आणि मी यंदापासून सेक्रेटरी आहे (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून). व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच, त्यात मालक, भाडेकरू, काहींची परदेशातली मुलं, सगळेच. सकाळी सहापासून गुड मॉर्निंगची फुलं, मग कोणाचा तरी फॉरवर्ड, मग त्यावर भांडण. टाकी साफ करायची म्हणून पाणी बंद राहील असा मेसेज मी आदल्या रात्री टाकला तर सकाळपर्यंत तो कुठच्या कुठे वर गेला आणि बी विंगमधल्या एक आजी अंगाला साबण लावून बसल्या. वैतागून मी 'ओन्ली अ‍ॅडमिन' (म्हणजे बाकी कोणी लिहूच शकत नाही) करून टाकलं, तर संध्याकाळपर्यंत मी हुकूमशहा झालो आणि आता ऐकतोय की मला वगळून वेगळाच ग्रुप निघालाय. कोणाला पोस्ट करू द्यायचं, कोणाला नाही, हे ठरवायचं कसं? आणि कोणी भलतंसलतं टाकलं तर अ‍ॅडमिन म्हणून मला धरतील का?

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, आधी आजींना माझा नमस्कार सांगा. 'ओन्ली अ‍ॅडमिन' हे सेटिंग वाईट नाहीये हो, २०१८ पासून आहे ते आणि नोटिशींसाठी अगदी बरोबर आहे, पण तुम्ही ते लावलं त्याच ग्रुपवर जिथे लोक इतकी वर्षं बोलत आलेत, मग चिडणारच ना. नोटीस कोणाला नको असते असं नाही, पण बोलायची जागा एकदम काढून घेतली की ज्यांनी कधी एक अंगठासुद्धा दाखवला नाही त्यांनाही आठवतं की आपल्याला काहीतरी बोलायचं होतं.

म्हणून कोण बोलेल हे ठरवत बसू नका, कुठलं बोलणं कुठे जाईल हे ठरवा, कारण माणसं निवडायला गेलात की जोशी काकांना परवानगी आणि शेख भाईंना का नाही हा वाद आयुष्यभर पुरेल. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'कम्युनिटी' म्हणून एक प्रकार आहे, २०२२ च्या शेवटी आला, तुमच्यासारख्यांसाठीच आहे तो. एक कम्युनिटी उघडायची, तिच्यात घोषणांचा एक ग्रुप आपोआप येतो ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात, आणि तिच्याखाली तुम्ही वेगवेगळे ग्रुप जोडायचे. खालच्या कुठल्याही ग्रुपात माणूस आला की घोषणा त्याला आपोआप मिळतातच, वेगळं अ‍ॅड करत बसावं लागत नाही. ज्याला गप्पांचा कंटाळा आहे तो गप्पांचा ग्रुप म्यूट करेल आणि पाणी, लिफ्ट, वीज एवढंच बघेल. आजींच्या फोनमध्ये घोषणा सोडून बाकी सगळं म्यूट करून द्यायचं काम तुम्ही स्वतः करा, साबणाचं प्रायश्चित्त समजा.

आता खाली काय काय जोडायचं. मालकांचा एक ग्रुप, कारण मेंटेनन्स, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे), रिडेव्हलपमेंट यावर बोलायचा हक्क त्यांचा आहे आणि भाडेकरूंना त्या भांडणात रस असण्याचं कारणही नाही. भाडेकरू धरून सगळ्या राहणाऱ्यांचा एक, जिथे पार्किंग, कुत्री, वरच्या मजल्यावरचा आवाज हे सगळं चालेल. कमिटीचा एक छोटा ग्रुप. आणि गप्पांचा एक, फुलं फॉरवर्ड सुविचार सगळं तिथे, तिकडे हात लावू नका. आणि तुमच्याशिवाय जो ग्रुप निघालाय ना, त्याच्याशी भांडू नका, त्याच्या अ‍ॅडमिनला सांगा की हाच आपला गप्पांचा ग्रुप, कम्युनिटीत जोडूया, चहा पाजून सांगितलं तर ऐकतील. नाही ऐकलं तरी बिघडत नाही, लोक आपापसात बोलतात म्हणून सोसायटी बुडत नाही.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साधा मेंबर आणि अ‍ॅडमिन अशा दोनच पायऱ्या आहेत, मधली पायरी नाही. मॅनेजरने टँकरचा निरोप टाकावा म्हणून त्याला घोषणांमध्ये अ‍ॅडमिन केलंत तर तो निरोपही टाकेल आणि लोकांना काढूही शकेल, अर्धा अधिकार देता येत नाही. टेलिग्रामवर असं नाहीये, तिथे एखाद्याला चॅनेलमध्ये फक्त पोस्ट करायचा हक्क देऊन बाकी सगळे बंद ठेवता येतात. पण अख्ख्या सोसायटीला टेलिग्रामवर नेणं म्हणजे, जाऊ दे, त्या भानगडीत पडू नका. अ‍ॅडमिन तीनच ठेवा, अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, आणि हे माणसाला नाही तर पदाला चिकटलेलं आहे असं कमिटीच्या सभेत ठराव करून प्रोसिडिंगमध्ये लिहून टाका, म्हणजे पद गेलं की त्याच दिवशी अ‍ॅडमिनपद गेलं. मॅनेजरने निरोप तुम्हाला पाठवायचा, तुम्ही टाकायचा.

आणि हे नक्की तपासा की सध्याचा ग्रुप मुळात कोणी काढलाय. ज्याने ग्रुप तयार केला त्याला दुसरा अ‍ॅडमिन हटवू शकत नाही, तो स्वतःहून बाहेर पडेपर्यंत अ‍ॅडमिन राहतो. कितीतरी सोसायट्यांमध्ये दोन कमिट्यांपूर्वीचे सेक्रेटरी फ्लॅट विकून गेलेत आणि ग्रुपच्या किल्ल्या अजून त्यांच्या खिशात आहेत. तुमच्याकडेही तसंच असेल तर जुन्या ग्रुपला डागडुजी करण्यापेक्षा नव्या कम्युनिटीत नवे ग्रुप काढा, आणि शक्य असेल तर सोसायटीच्या ऑफिसच्या नंबरवरून काढा, स्वतःच्या नाही.

ग्रुप परमिशन्समध्ये आणखी दोन गोष्टी करा. नवीन मेंबर अ‍ॅड करायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा आणि नव्या लोकांना मंजुरी लागेल ते सुरू करा, नाहीतर लिंक फिरत फिरत मॉड्युलर किचनवाल्यांपर्यंत जाते. घोषणांच्या ग्रुपात लोकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅडमिनना आणि ज्यांच्याकडे नंबर सेव्ह आहे त्यांनाच दिसतात, पण खालच्या साध्या ग्रुपांमध्ये सगळ्यांना दिसतात, एकट्या राहणाऱ्या मुली भाडेकरू असतील तर त्यांना हे आधी सांगा.

पोलिसांचं विचारलंत. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही, तुमचा त्यात सामील हेतू किंवा आधीपासूनचा बेत होता हे दिसलं पाहिजे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. पण एक लक्षात घ्या, तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करताच येत नव्हता, ती सोय २०२२ मध्ये आली. म्हणून कोणी तक्रार केली तर मी काय करणार म्हणत बसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, मेसेज उडवा, त्या माणसाला वेगळा फोन करा.

आणि हो, एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, नोटीस ग्रुपवर टाकली म्हणजे झालं असं समजू नका. उपविधीप्रमाणे (सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) पूर्ण १४ दिवस आधी रीतसर द्यावी लागते, निळ्या टिका दिसल्या हे उत्तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे चालायचं नाही.

प्रश्न : पुण्यात आमचा किल्ले भटकणाऱ्यांचा ग्रुप डिस्कॉर्डवर (गप्पांचं अ‍ॅप, त्यात एका ग्रुपात वेगवेगळे चॅनेल काढता येतात) आहे. ट्रेकची घोषणा फक्त लीडरनी करावी म्हणून आम्ही एकेकाला नावाने परमिशन दिलीय. आता कोण कुठे लिहू शकतं हे आम्हालाच कळत नाही, लीडरपद सोडलेला एक जण अजून ट्रेक जाहीर करतोय, आणि नवीन आलेली पोरं पहिल्या मिनिटाला शूजच्या जाहिराती टाकतात.

उत्तर : नावाने दिलेल्या सगळ्या परमिशन्स काढा, आजच. डिस्कॉर्डमध्ये चॅनेलवर एखाद्या माणसाला नावाने दिलेली परवानगी रोलपेक्षा, म्हणजे एका गटाला मिळून दिलेल्या परवानगीपेक्षा, वरचढ ठरते, म्हणून तुमचा तो सोडून गेलेला लीडर, रोल काढला तरी, बोलतच राहतोय. तीन रोल करा : नवीन, भटके, लीडर. घोषणांच्या चॅनेलवर एव्हरीवनला (म्हणजे सगळ्यांना) मेसेज पाठवणं बंद आणि लीडरला सुरू, एवढंच. गप्पांच्या चॅनेलवर एव्हरीवनला बंद, भटक्यांना आणि लीडरना सुरू, आणि नवीन आलेल्यांसाठी ओळखीचं एक चॅनेल उघडं ठेवा, एक ट्रेक केला की भटके रोल. चॅनेल कॅटेगरीत टाकून परमिशन कॅटेगरीवरच लावा म्हणजे दर चॅनेलला तीच कसरत नको. जाहिरातवाल्यांसाठी व्हेरिफिकेशन लेव्हल हाय करा, सर्व्हरवर (म्हणजे तुमच्या डिस्कॉर्डच्या ग्रुपवर) येऊन १० मिनिटं होईपर्यंत लिहिता येत नाही, त्यांना तेवढा धीर नसतो. सगळं झालं की सेटिंगमधून त्या त्या रोलच्या नजरेने सर्व्हर बघायची सोय आहे, 'नवीन' होऊन एकदा फिरून या. ओनरच्या अकाउंटवरून तपासू नका, त्याला सगळंच उघडं दिसतं.

प्रश्न : नातेवाईकांच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडता येतं का?

उत्तर : येतं, २०२२ पासून फक्त अ‍ॅडमिनला नोटिफिकेशन जातं. पण ६० दिवस 'पास्ट पार्टिसिपंट्स'मध्ये तुमचं नाव सगळ्यांना दिसतं, आणि अ‍ॅडमिन बहुतेक आत्याच असते. त्यापेक्षा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका.