वाचकांचे प्रश्न : चिलटं धरून नेतात ती कशाला?

प्रश्न : आमचा वाडा जत तालुक्यात आहे, माडग्याळ मेंढरं. दिवाळीच्या आधी कॉलेजची पोरं आली, वाड्याच्या कडेला एक निळसर लाईटचा सापळा टांगला आणि सकाळी डबाभर चिलटं घेऊन गेली. मेंढरं तर ठणठणीत आहेत, मग हे मोजून काय मिळतं? आणि एवढी चिलटं निघाली म्हणजे धोका आहे का?

उत्तर : गर्दी बघून घाबरू नका दादा, डब्यात किती आहेत त्यापेक्षा त्यातल्या म्हाताऱ्या किती हे महत्त्वाचं. ही क्युलिकॉइड्स गटातली चिलटं, एक ते तीन मिलिमीटरची, केळ्यांवर घोंगावतात ती वेगळी. मादीच तेवढी रक्त पिते, बहुतेक जातींची दिवस मावळल्यावर, आणि मेंढरांना होणारा ब्लू टंग हिच्यामुळेच पसरतो. ताप, सुजलेले ओठ, नाकाला खपल्या, लंगडणं, कधी जीभ निळी. आपल्या देशात या आजाराची पहिली नोंद झाली तीच महाराष्ट्रात, १९६४ साली.

आता गंमत अशी की रक्तातला विषाणू तिच्या पोटात गेला म्हणून लगेच पुढच्या मेंढराला लागत नाही, तो आतड्यातून पार होऊन लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचावा लागतो, उबदार हवेत त्याला साधारण आठवडाभर जातो आणि थंडीत तर कितीतरी जास्त. म्हणजे कालच चिखलातून निघालेली चिलटं कितीही असली तरी या बाबतीत निरुपद्रवी. म्हणून पोरं घरी नेऊन काय करतात, तर मायक्रोस्कोपखाली एकेक उलटी-पालटी करून पंखावरचे काळे-पांढरे ठिपके बघतात, त्यावरून जात ठरते, मग पोट बघतात. एकदा रक्त पिऊन अंडी घातलेल्या मादीच्या पोटाला आतून मळकट लालसर रंग चढलेला असतो, याच त्या म्हाताऱ्या. त्या माद्या वेगळ्या काढायच्या, थोड्या थोड्या एकत्र कुटून पीसीआर, म्हणजे विषाणू आहे का ते शोधणारी चाचणी, करायची.

इथे एक गोष्ट मला खटकते, पीसीआर पॉझिटिव्ह आली की लगेच 'वाहक सापडला' म्हणून मोकळे होतात लोक. अहो, ती नुकतीच एखाद्या गाईचं रक्त पिऊन आली असेल तर तो विषाणू त्या रक्तातला! गाई-म्हशी वरून निरोगी दिसतात पण त्यांच्या रक्तात विषाणू कित्येक आठवडे राहू शकतो. म्हणून ताजं रक्त प्यायलेल्या माद्या बाजूलाच ठेवाव्या लागतात. शिवाय लाईटला येणारी चिलटं आणि अंगावर बसणारी चिलटं यांचा हिशेब एकच नसतो, हेही लक्षात घ्या.

तुम्हाला फायदा लसीचा. आपल्याकडे मिळणारी लस पाचच प्रकारच्या विषाणूंवर आहे आणि ब्लू टंगचे प्रकार वीसच्या वर, तेव्हा तुमच्या भागात कुठला फिरतोय हे कळल्याशिवाय लस किती कामाची ते सांगता येत नाही. लस पावसाळ्याआधी टोचून घ्या, डॉक्टरांना विचारून. फवारणीवर फार पैसे घालू नका, चिलटं वाड्याभोवतीच्या ओल्या शेणात, चिखलात वाढतात, ते आधी हलवा. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरामात आत येतात. आणि हा आजार माणसाला होत नाही, त्यामुळे पोराबाळांची काळजी नको.

प्रश्न : मी नेदरलँडमध्ये राहते. इथे २०२३ पासून मेंढ्यांना ब्लू टंग झाल्याचं ऐकतेय. इतक्या थंड देशात कसं काय?

उत्तर : ताई, पूर्वी तिकडचे लोकही हेच म्हणायचे, की हा आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकडचा आजार, तिकडचं चिलट थंडीत टिकत नाही. मग २००६ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याच देशात, मास्ट्रिख्टच्या बाजूला तो निघाला आणि बेल्जियम, जर्मनीत पसरला. सापळे लावल्यावर कळलं की बाहेरचं चिलट यायची गरजच नव्हती, गोठ्याभोवतीच्या त्यांच्या स्वतःच्या जाती हे काम करत होत्या. तेव्हापासून युरोपात हिवाळ्यात सापळे मोजूनच 'आता चिलटं नाहीत' असं जाहीर करायची पद्धत पडली आणि त्याचा २००७ चा नियम बघा, आफ्रिका-भूमध्य समुद्राकडचं ते चिलट एकही नको आणि सापळ्यामागे अंडी घालून झालेल्या माद्या पाचापेक्षा कमी हव्या होत्या.