एरर मेसेज वाचून काहीच कळत नाही. चूक माझी की टूलची?

बहुतेक वेळा टूलची. "आधी मेसेज नीट वाचायला शिका" म्हणणारे सिनिअर तुम्हालाही भेटले असतीलच. मेसेजच नसेल तर वाचायचं काय, हे ते कधी सांगत नाहीत.

विम्याच्या एका प्रोजेक्टवर होतो, जावा ८. रात्रीची बॅच (रात्री आपोआप चालणारं काम) अडकली. लॉग उघडला तर ओळीखाली ओळ नुसतं 'नलपॉइंटरएक्सेप्शन', म्हणजे जिथे काही असायला हवं तिथे नल, रिकामं निघालं की येणारी एरर. ना क्लासचं नाव, ना लाइन नंबर, स्टॅक ट्रेसचा (एरर कोणत्या मेथडमधून, कोणत्या ओळीवर आली त्याची यादी) पत्ताच नाही. लीड फोनवर म्हणाले, "कॅच ब्लॉकमध्ये, एरर पकडतो त्या कोडमध्ये, तूच ट्रेस गिळला असशील." स्क्रीन शेअर करून कोड दाखवला, तरी पटेना.

भानगड जेव्हीएमची, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनाची होती. एकाच जागी तेच एक्सेप्शन सारखं थ्रो होत राहिलं की हॉटस्पॉट या जेव्हीएमचा कंपायलर ती मेथड नव्याने कंपाइल करतो आणि वेळ वाचवायला आधीच बनवून ठेवलेलं, ट्रेस नसलेलं एक्सेप्शन फेकू लागतो. सुरुवातीच्यांना ट्रेस असतो, पण त्या लॉग फाइली रोटेशनमध्ये (जुने लॉग आपोआप पुसण्यात) उडाल्या होत्या. 'ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो' हा फ्लॅग बंद करून सर्व्हर रीस्टार्ट केला, ट्रेस हजर! ओळ सापडली, तर तिच्यात नॉमिनी, नॉमिनीचा पत्ता, पत्त्याचा पिनकोड, सगळं डॉट देऊन एकात एक ओवलेलं. यातलं नल कोण? ते सांगायची सोय जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १४ मध्ये, म्हणजे २०२० साली आली आणि १५ पासून आपोआप चालू झाली. जावा १.० आलं १९९६ मध्ये. तेव्हापासून २०२० पर्यंत सगळ्यांनी अंदाजपंचे दाहोदरसे. आणि आमचे लीड म्हणे, ज्याला एरर वाचता येत नाही तो डेव्हलपरच नाही.

तर तुम्ही नवीन जेडीके घ्या, ओळी तोडून लिहा, लॉग शेवटून नाही, पहिल्या एररपासून वाचा. कंपाइल करताना 'मायनस जी' (व्हेरिएबलची नावं राखणारा पर्याय) दिलं नसेल तर नव्या मेसेजातही व्हेरिएबलच्या जागी 'लोकल४' असलं काहीतरी दिसेल, तेवढं बघा.

स्वतः एक्सेप्शन थ्रो कराल तेव्हा पॉलिसी नंबर आणि कोणती फील्ड रिकामी आली ते मेसेजात घाला. रिव्ह्यूमध्ये कोणी "एवढं कशाला?" म्हणालं, तर पुढचा नाइट सपोर्ट त्यांनाच घ्यायला सांगा. फक्त ग्राहकाचा आधार आणि मोबाइल नंबर लॉगमध्ये ओतू नका, त्यावर ते ओरडले तर बरोबरच ओरडतील.