गौरीपुढचा पाट

"एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलीय असं आलंय. आता जन्मभर वाकायचं नाही का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे फार वेळा येतो. वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका काकूंनीही तोच विचारला. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते.

वय त्रेपन्न. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी दोन्ही हातांनी कडा धरल्या, श्वास रोखला आणि काचेचं भांडं ठेवावं तसं स्वतःला खाली ठेवलं. मग रिपोर्ट काढला. घडीवर फाटत आलेला, 'डिस्क बल्ज', म्हणजे गादी फुगलीय, या शब्दांखाली लाल पेनाच्या दोन रेघा. "ताई, शेजारच्या म्हणाल्या, वाकलात तर पाय जातील." चार महिने बादली उचलली नव्हती, नातवाला कडेवर घेतलं नव्हतं, कमाटीबागेतलं फिरणंही बंद. दुखणं मात्र वाढतच होतं.

अशा वेळी मी आधी काही गोष्टी विचारून घेते. पायातली ताकद कमी झालीय का? ताप येतो का, वजन उगाच घटतंय का? असं काही असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर. आणि लघवी अडली, ताबा सुटला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. काकूंना यातलं काहीच नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी तर त्यांना चालायलाच सांगितलं होतं, पण धास्तीत ते कानाआड झालं.

मी त्यांना २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याबद्दल सांगितलं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,००० हून अधिक लोकांच्या तपासण्या त्यात होत्या. पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली दिसली.

"म्हणजे आमच्या भिशीतल्या निम्म्या जणींना हे असेल?"

"असेल, आणि त्यांना पत्ताही नसेल."

त्या पहिल्यांदाच खुर्चीला टेकल्या.

दुखणं खरंच होतं, हे मी ठामपणे सांगते. "मनाचे खेळ आहेत" हे घरच्यांचं बोलणं त्यांना फार लागलं होतं. महिनोन् महिने भीती आणि अपुरी झोप असली की मज्जासंस्था हळवी होते, साध्या हालचालीलाही धोका समजून कळ उठवते. न वापरलेले स्नायू लवकर थकतात ते वेगळंच.

"तुम्हाला काय करता यायला हवंय?" मी विचारलं. उत्तर तयार होतं: "गौरीपुढे खाली बसून पूजा." हातात दहा आठवडे होते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ठरलं: रोज दहा मिनिटं चालायचं, हळूहळू वाढवायचं. बसायला आधी स्टूल, मग एकावर एक चार पाट, मग तीन. बसताना श्वास रोखला जाऊ नये म्हणून रामरक्षा म्हणतच खाली टेकायचं. ही युक्ती काकूंची स्वतःची, आणि मला ती फार आवडली.

पाचव्या आठवड्यात पाठ पुन्हा धरली. काकू रडवेल्या झाल्या, रिपोर्ट पुन्हा पिशवीतून निघाला. आम्ही एक पाट परत वाढवला, चालणं निम्मं केलं, पण बंद केलं नाही.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी फोन आला. "पाठ भरून आलीय, शेक घेतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "एकाच पाटावर बसले हो ताई. उठताना तेवढा सुनेचा हात धरला."