प्राणी नमुना, प्रारूप की प्रतिमान?

एका भाषांतरकाराचा प्रश्न आहे: ‘‘आरोग्यविषयक लेखाला मी ‘वृक्ष-नट ॲलर्जीच्या अभ्यासासाठी प्राणी नमुने’ असा मथळा दिला. संपादकांनी ‘नमुने’ खोडून ‘प्रारूपे’ केले. बरोबर काय?’’

मूळ इंग्रजी शब्द ‘ॲनिमल मॉडेल’, म्हणजे माणसाचा आजार समजून घेण्यासाठी माणसाच्या जागी अभ्यासलेला प्राणी. संपादकांची फुली योग्य जागी पडली, दुरुस्ती मात्र फसली. नमुना म्हणजे मोठ्या साठ्यातून उचललेला चिमूटभर भाग: रक्ताचा, मातीचा, कापडाचा. प्रयोगातला उंदीर असा कशातून उचललेला नसतो. (‘काय नमुना आहे!’ हा अर्थ वेगळाच.) ‘प्रारूप’ हा शब्द शासकीय मराठीने मसुद्यासाठी अडकवून टाकला आहे. प्रारूप मतदार यादी म्हणजे हरकतींसाठी मांडलेली, अजून पक्की न झालेली यादी. ‘प्राणी प्रारूप’ म्हटले की अर्धाकच्चा प्राणी डोळ्यांपुढे येतो.

मी ‘प्रतिमान’ घेईन. व्याकरणात शिकलेला ‘उपमान’ त्याचा सख्खा भाऊ, आणि ही कल्पना समजायला तोच उपयोगी पडतो. माणूस उपमेय, उंदीर उपमान. ‘मुख कमळासारखे’ म्हणताना कुणी मुखाला देठ शोधत नाही. साधारण धर्म तेवढा पाहायचा.

इथे साधारण धर्म आपोआप मिळत नाही, तो घडवावा लागतो. उंदराला नुसते काजू खाऊ घातले तर सहसा काही होत नाही, कारण तोंडावाटे आलेले प्रथिन शरीर खपवून घेते. म्हणून संशोधक ते प्रथिन कॉलराच्या विषाच्या जोडीने पोटात देतात, किंवा कातडीवर पुन्हा पुन्हा लावतात. मग त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीला कारण ठरणारी, प्रतिपिंडे तयार होतात. पुढे तेच प्रथिन पुन्हा दिले की तीव्र प्रतिक्रिया उमटते आणि उंदराच्या अंगाचे तापमान झरझर उतरते. किती उतरले, यावरून तीव्रता मोजतात. साधर्म्य इथवर. अन्नाच्या ॲलर्जीत माणसाला अनेकदा उलट्या होतात, उंदराला मात्र ओकताच येत नाही. कुत्र्याला येते, अक्रोड आणि ब्राझील नट यांच्या ॲलर्जीसाठी कुत्र्यांवरही अभ्यास झाले आहेत. एका उपमेयाला दोन उपमाने, म्हणा ना.

आता ‘वृक्ष-नट’. हा शब्द मला झाडावर चढलेल्या कलावंतासारखा दिसतो! इंग्रजीला ‘ट्री’ जोडावे लागते, कारण तिथे शेंगदाण्याच्या नावातही ‘नट’ आहे. मराठीला ती अडचण नाही. ‘भुईमूग’ या नावातच तो मुगाच्या गोतातला असल्याचे सांगून टाकले आहे, आणि वनस्पतिशास्त्रही त्याला शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्यांतलाच, ठरवते. ‘सुकामेवा’ मात्र चालणार नाही, त्यात मनुका-खारीकही येतात. वनस्पतिशास्त्रातला ‘नट’साठीचा ‘कपाली’ हा शब्द फार काटेकोर: हेझलनट त्यात बसते, पण बदाम म्हणजे आंब्यासारख्या अश्मगर्भी फळाच्या कोयीतले बी, ते बाहेर राहते. ‘कवचफळे’ हा सैलसर शब्द बरा, आणि पहिल्या वापराला ‘काजू, अक्रोड, पिस्ता यांसारखी’ अशी जोड द्यावी.

‘ॲलर्जी’ राहू द्या. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये ग्रीक धातूंवरून घडवलेला हा शब्द मराठीत केव्हाच रुळला. ‘वावडे’ मला प्रिय, पण ते शिस्तीचेही असते आणि कामाचेही. शास्त्रीय लेखात ते निसटते.

विभक्तीकडेही लक्ष असू द्या. ‘काजूची ॲलर्जी’ म्हणजे काजूमुळे होणारी. त्याच न्यायाने ‘उंदरांची ॲलर्जी’ म्हणजे उंदरांमुळे माणसाला होणारी, आणि तीही खरोखर असते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना विचारा. तेव्हा ‘उंदरांमधील काजूची ॲलर्जी’ असेच लिहावे. मथळ्यात तर ‘प्रतिमान’ही नको: ‘कवचफळांच्या ॲलर्जीचा प्राण्यांवर अभ्यास’. ‘प्रतिमान’ आत, पहिल्या परिच्छेदात, उंदराशेजारी बसवा.