जुन्या तांब्याच्या बंबावरचा काळा-हिरवा थर: घासायचा की ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोळहून आलेला, अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे, त्यावर काळपट आणि काही ठिकाणी हिरवा थर चढलाय. घरचे म्हणतात घासून लख्ख करा. एक ओळखीचे म्हणतात, तो 'पॅटिना' आहे, त्यालाच किंमत असते, हात लावू नका. हा थर बनतो कसा आणि ऐकायचं कुणाचं?

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. त्यामुळं धातूवर काय चढतं आणि काय उतरतं हे बघायची सवय लागलीय. दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण तुमच्या बंबावर एक नाही, निदान तीन वेगवेगळे थर असणार.

सगळ्यात वरचा काळा थर म्हणजे नुसती काजळी. लाकडं, शेणी, नारळाच्या करवंट्या, जे काय जाळलं असेल त्याची. ओल्या फडक्यानं बोटाला लागते ती. तिचा धातूशी काही संबंध नाही, खुशाल धुऊन टाका. तिच्याखाली जो काळा थर फडक्यानं निघत नाही, तो तांब्याचा ऑक्साइड. तांबं हवेत तापलं की आधी लालसर ऑक्साइड धरतं आणि जास्त तापलं की त्यावर काळा. हा काळा थर आणि खालचं तांबं गार होताना सारखं आकसत नाहीत, म्हणून त्याच्या खपल्या सुटतात. खपली गेली की खाली नवं तांबं उघडं पडतं आणि उद्याच्या विस्तवावर तेही काळं होतं. जुन्या बंबाची मधली, विस्तवाची नळी पातळ होऊन शेवटी गळायला लागते, त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

हिरवा थर बघा कुठं आहे ते. बहुतेक नळाच्या सांध्याला, झाकणाच्या कडेला, बुडाच्या वळणात, म्हणजे जिथं पाणी ठिबकून तसंच राहतं तिथं. ओल, हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून तांब्याचं हिरवं कार्बोनेट तयार होतं. आपल्याकडं याला जंगाल म्हणायचे. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की 'कळकलं' म्हणून ओतून द्यायचे, ते याच जातीच्या क्षारांमुळं. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो आणि ते पोटात जातं.

आता ज्याला लोक कौतुकानं पॅटिना म्हणतात तो थर. मराठीत त्याला एकच नेमका शब्द मला सापडलेला नाही. कीट म्हटलं तर घाण वाटते, झळाळी म्हटलं तर पॉलिश वाटतं. मी आपला 'पुट' म्हणतो. नवं घासलेलं तांबं गुलाबी असतं. हवेत आल्याबरोबर त्यावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा बसायला सुरुवात होते. काही आठवड्यांत चमक मंदावते, काही महिन्यांत तपकिरी रंग येतो, आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तो आणखी गडद होतो. घरात ठेवलेलं तांबं साधारण इथंच थांबतं. देवघरातला तांब्या पिढ्यान्‌पिढ्या तपकिरीच राहतो, पुतळ्यासारखा हिरवा होत नाही, कारण त्याच्यावर आषाढाची झड येत नाही. असा सबंध हिरवा रंग यायला उघड्यावरचा पाऊस लागतो आणि वर्षं लागतात. तो हिरवाही सगळीकडं सारखा नसतो. शहरातल्या धुराच्या हवेत त्यात तांब्याचं सल्फेट जास्त असतं, घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्याला गेलात तर खाऱ्या वाऱ्यामुळं क्लोराइड.

याचं जगात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. १८८६ साली उभा राहिला तेव्हा तो नव्या तांब्याच्या रंगाचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिरवा पडला आणि त्याला रंग द्यायची चर्चा सुरू झाली. लोकांनी विरोध केला. तिथल्या लष्करी अभियंत्यांनी तपासलं आणि सांगितलं की हा थर खालच्या पत्र्याला राखतोय, राहू द्या. पत्रा जेमतेम अडीच मिलीमीटरचा आहे. गंमत म्हणजे पुढं शंभराव्या वर्षाच्या सुमारास दुरुस्ती करावी लागली ती हिरव्या तांब्यापेक्षा आतल्या लोखंडी सांगाड्याची. लोखंड आणि तांबं ओलीत एकमेकांना टेकले की लोखंड आधी खाल्लं जातं. तुमच्या बंबाला कुणी लोखंडी पाय किंवा खिळे ठोकले असतील तर तेही बघून ठेवा.

म्हणजे थर चांगला की वाईट, हे रंगावरून नाही तर तो बसलेला आहे की खातोय, यावरून ठरतं. घट्ट चिकटलेला, पाण्यात न विरघळणारा, छिद्रं नसलेला थर हवेला आत जाऊ देत नाही. लोखंडाचा गंज फुगतो, सच्छिद्र असतो, खपल्यांनी सुटतो, म्हणून तो राखत नाही, खातो. पण लोखंडसुद्धा शहाणं होऊ शकतं. दिल्लीचा गुप्तकाळातला लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळं पृष्ठभागावर एक दाट राखणारा थर तयार झाला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या फाउंड्रीत फॉस्फरस वाढला की ओतकाम ठिसूळ होतं म्हणून ओरडा व्हायचा, आणि तिथं त्याच फॉस्फरसनं खांब राखला.

खाणारा थर तांब्यावरही येतो, आणि त्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण घरोघरी आपण त्याला हातानं बोलावतो. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं. १९४५-४६ चं सांकलिया आणि दीक्षित यांनी केलं. त्या जागेवरच्या काशाच्या (कासं म्हणजे तांबं आणि कथील) वस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन मूर्तीही मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. जमिनीत इतकी शतकं पुरलेल्या काशात मातीतले क्लोराइड शिरतात आणि पुटाखाली दबा धरून बसतात. वस्तू बाहेर आली, दमट हवा लागली की ते जागे होतात. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी उमटते, पुसली तरी परत येते, आणि खाली खड्डे पडत जातात. संग्रहालयवाले याला काशाचा रोगच म्हणतात. म्हणून त्यांच्याकडं हवेतली आर्द्रता मोजत बसतात.

आता आपण काय करतो? लिंबू आणि मीठ चोळतो. मीठ म्हणजे क्लोराइड. लिंबानं पुट विरघळतं, भांडं गुलाबी होतं, आपण खूश. पण नक्षीच्या खाचेत, कानाच्या सांध्यात खारट पाणी राहिलं की पावसाळ्यात तिथंच हिरवी भुकटी उगवते. मग आपण म्हणतो 'परत किटलं' आणि परत मीठ. घासू नका असं म्हणत नाही, पण घासल्यावर दोन-तीन पाण्यांनी खळखळून धुवा आणि फडक्यानं कोरडं करून उन्हात ठेवा.

चिंचेबद्दल माझा एक गुन्हा सांगतो. बारा वर्षांचा होतो, गौरी-गणपती तोंडावर आलेले. आज्जीची पितळी समई लख्ख करून शाबासकी मिळवायची म्हणून मी ती चिंचेच्या कोळात मीठ घालून रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी बघतो तर पिवळ्या समईवर गुलाबी चट्टे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी निघून गेलं आणि वर तांबं उरलं. आज्जी म्हणाली, "अरं मुडद्या, चिंच लावायची आन् लगीच धुवायची, लोणचं घालायचं न्हाई!" धातुशास्त्राची पदविका मिळायच्या आधी मला हा धडा मिळाला होता. चट्टे राखेनं घासून बरेच गेले, गळ्याजवळचा एक गेला नाही. समई अजून आहे, आम्ही ती बाजू भिंतीकडं करतो.

चांदीचं प्रकरण सोपं. ती ऑक्सिजननं नाही, गंधकानं काळी पडते. अंडं, लोकर, रबरबँड यांच्याजवळ ठेवलं की लवकर. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवली की गंधक फॉइलकडं जातं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते, घासून झिजवावी लागत नाही. मात्र हुपरीचे नक्षीचे पैंजण असतील आणि खाचांमधला काळा रंग कारागिरानं मुद्दाम दिलेला असेल तर हा उपाय करू नका, सगळी नक्षी सपाट दिसायला लागेल. बाजारात त्याला 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात, असतं ते गंधकाचंच.

धातूच कशाला, बिडाच्या तव्यावर तेल तापून तापून कडक काळा पापुद्रा होतो तेही पुटच, आणि साल-हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी तेल पिऊन, ऊन खाऊन गडद होते तेही. साबणानं खरवडून तवा 'स्वच्छ' करणाऱ्या सुनांवर आमच्या गल्लीत किती भांडणं झालीत ते विचारू नका. तव्याच्या बाबतीत मी सासवांच्या बाजूनं आहे.

तर तुमच्या बंबाचं. काजळी धुवा. नळाजवळचा आणि कडांचा हिरवा भाग चिंचेच्या कोळानं, मीठ न घालता, तेवढ्यापुरता काढा आणि लगेच धुऊन कोरडा करा. आत पांढरा थर असेल तर तो पाण्यातला चुना आहे, तोही चिंचेनं सुटतो. बाहेरचा तपकिरी रंग राहू द्या, त्यावर खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात फिरवला तरी पुरे. बफिंगच्या चाकावर मात्र देऊ नका. रंगाबरोबर धातूही जातो आणि तांबटानं मठारलेल्या ठोक्यांच्या खुणा पुसल्या जातात. बंबाला जुन्या वस्तूंच्या बाजारात जी काय किंमत येईल ती त्या खुणांना येईल.

त्यातलं पाणी अंघोळीलाच वापरा. पिण्यासाठी तांब्याचं वेगळं भांडं असेल तर आतला तपकिरी रंग चालतो, हिरवा चालत नाही, आणि त्यात लिंबूपाणी किंवा ताक कधीच नको. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जागतिक आरोग्य संघटनेला चालतं, आंबट पडलं की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट फोटोशिवाय सांगता येणार नाही. नळाच्या सांध्यातली हिरवी भुकटी कोरड्या पांढऱ्या कापसानं पुसा, चार दिवस बंब पेटवू नका, आणि मग तिथला जवळून फोटो टाका. परत उगवली असेल तर बहुधा सांधा झिरपतोय आणि त्याला डाग लावून, म्हणजे झाळून, घ्यावा लागेल.