तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: मुक्काम किती दिवसांचा?

प्रश्न: ताई, आमची लेक म्युनिकला असते. २० फेब्रुवारीची डिलिव्हरीची तारीख दिलीय डॉक्टरनं. मी आणि हे दोघं पण जायलोत. व्हिसावर १० जानेवारी ते ८ जुलै असं लिहिलंय म्हणून आम्ही निवांत १५ जानेवारीचं जायचं अन् ३० एप्रिलचं यायचं तिकीट काढलं. आता जावई म्हणायलेत की तुम्ही मोजायला चुकलात. एजंटला विचारलं तर तो म्हणतो काही होत नाही, तिथं जाऊन वाढवून घ्या. खरं कोणाचं? (एक वाचक, परभणी)

उत्तर: जावयाचं खरंय. व्हिसाचं पान परत एकदा काढा आणि त्या तारखांच्या खाली बघा, "ड्युरेशन ऑफ स्टे" म्हणून एक रकाना आहे, तिथं ९० छापलेलं असणार. १० जानेवारी ते ८ जुलै हा काळ नुसता जायची मोकळीक आहे, त्यात राहायचे दिवस फक्त ९०. आणि हे दिवस गणपतीसारखे मोजायचे, बसवले तो दिवस पण धरायचा अन् विसर्जनाचा पण. म्हणजे तुमचे जानेवारीचे १७, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ झाले ७६, उरले १४. १४ एप्रिलला तुमचे दिवस संपले, आणि तिकीट ३० तारखेचं. १६ दिवस जास्त.

तुम्हाला हसत नाहीये मी, कारण मी स्वतः एकदा "तीन महिने म्हणजे नव्वद दिवस" या हिशोबानं १ जुलै ते ३० सप्टेंबरचं तिकीट काढून बसले होते, ते होतात ९२! जायच्या आठवडाभर आधी मुलानं कॅलेंडरवर बोट ठेवून ठेवून मोजलं तेव्हा कळलं, मग तिकीट बदलायला पैसे मोजले ते वेगळे.

आता एजंटचं. तिथं जाऊन वाढवून मिळतं ते माणूस आजारी पडून दवाखान्यात आहे, विमानंच बंद झालीत, असं काही आपल्या हातात नसलेलं घडलं तर. नातवाजवळ अजून थोडं राहावं वाटतं हे काही त्यात बसत नाही, आपल्याला कितीही बसावं वाटलं तरी. दुसरा एक सल्ला पण कानावर येईल, चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊन या म्हणजे मोजणी नव्यानं सुरू होते. नाही होत. तुमचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा, त्यात स्वित्झर्लंड पण आलं. शेंगेनमधे २९ देश आहेत आणि सगळ्यांचे मिळून ९० दिवस, कुठल्याही सलग १८० दिवसांत. लंडनला गेलात तर तेवढे दिवस मोजणीत येत नाहीत हे खरं, पण व्हिसावर एन्ट्रीच्या रकान्यात ०१ (म्हणजे एकदाच आत जायची परवानगी) असेल तर परत म्युनिकला घेणारच नाहीत, मग लेक तिकडं अन् तुम्ही इकडं. आणि पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजावे लागायचे, आता ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं बोटांचे ठसे अन् फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायलेत, तो एक दिवस पण विसरत नाही.

मी तुमच्या जागी असते तर जायची तारीखच पुढं ढकलली असती. ५ फेब्रुवारीला निघून त्याच दिवशी पोचलात तर ५ मेपर्यंत राहता येतं, बारसं होतं, सव्वा महिना होऊन वर महिनाभर राहतो. आणि दोघांनी एकदमच का जायचं? तुम्ही आधी जा, तुमच्या परतीच्या सुमाराला विहीणबाईंना बोलवा, प्रत्येकाचे ९० वेगळे असतात, पोरीला सहा महिने घरचं माणूस मिळतं. विहीणबाईंना वाईट पण वाटत नाही, हा फायदा वेगळाच. (तारखा बदलल्या की ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या पण बदला. आणि तुपाची बरणी नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे.)

प्रश्न: आमचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा येत्या मार्चमधे संपतोय. जानेवारीत मुलाकडं गेलो तर मार्चच्या आत परत यावं लागेल का? (निवृत्त शिक्षक, लातूर)

उत्तर: नाही सर. अमेरिकेचं गणित उलटं आहे. तिथं व्हिसाची तारीख ही फक्त दारापाशी पोचायची, आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत असतं. आईवडिलांना साधारण सहा महिने मिळतात, पण मिळतीलच असं धरू नका, उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाला ऑनलाइन काढायला सांगा आणि ती तारीख फ्रिजवर चिकटवा. पुढं राहायचंच झालं तर ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ चा अर्ज करायचा. काही न करता तारीख उलटली तर एका दिवसानं पण व्हिसा रद्द होतो, १८० दिवसांच्या वर राहून मग निघालात तर तीन वर्षं बंदी, वर्षाच्या वर गेलात तर दहा. लोक नेमकं याच्या उलट करतात, दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहतात!

प्रश्न: मुलाला एमएस्सीला इंग्लंडला पाठवतोय. आधी एकदा कॅनडाचा व्हिसा नाकारला होता. एजंटनं फॉर्ममधे "नाही" असंच भरलं, म्हणाला त्यांना काय कळतंय. अजून निकाल आला नाही. गप्प बसू का? (पालक, अंबाजोगाई)

उत्तर: अजिबात गप्प बसू नका. कळतं त्यांना. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश एकमेकांशी माहिती जुळवतात. नकार आला होता हे काही पाप नाही, नकार असूनही कितीतरी पोरांना दुसरीकडं व्हिसा मिळालाय. लपवणं मात्र महागात पडतं, फसवाफसवी केली असं ठरलं तर ब्रिटनमधे दहा वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात, आणि फॉर्म एजंटनं भरला असला तरी खाली घोषणा तुमच्या पोराची आहे, एजंटची नाही. आजच मुलाला ब्रिटनच्या व्हिसा कार्यालयाला स्वतः लिहू द्या, तेही निकाल यायच्या आत: अर्ज क्रमांक, कोणत्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, खरं काय, कॅनडाचं नकाराचं पत्र सोबत. चार ओळी पुरे, रडगाणं नको. पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा. आणि भरलेल्या फॉर्मची पूर्ण प्रत एजंटकडून मागून घ्या, दोघं बापलेक बसून पहिल्या पानापासून वाचा, कारण ज्यानं एक "नाही" स्वतःच्या मनानं भरलं त्यानं बाकी काय काय भरलंय ते बघायला हवं.