रांग सोडू नकोस

प्रिय पोरी,

परवा रात्रपाळी संपवून तू थेट माझ्याकडे आलीस. चहाचा कप दोन्ही हातांनी धरलास, तेव्हा तुझ्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा दिसल्या. सॅनिटायझरने पार सोलून निघालीत बोटं. मग पगाराची चिठ्ठी टेबलावर सपाट करत म्हणालीस, "मावशी, तात्पुरत्या नर्स पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेली मुलगी माझ्याच वॉर्डात माझेच पेशंट बघते आणि तासाला माझ्या जवळजवळ दुप्पट घेते. मी वेडी आहे का?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलले. तू गेलीस आणि मला झोप लागेना, म्हणून हे पत्र.

तू चांगली नर्स आहेस, आईवडिलांना तुझा अभिमान आहे, वगैरे लिहीत बसत नाही. ते तुला ठाऊक आहे. मला एकच सांगायचंय: रांग सोडू नकोस.

ज्याच्या खिशात पैसा आहे आणि ज्याच्या नाही, ते दोघंही एकामागे एक उभे राहतात ती रांग. इथे कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतात, १ जुलै १९६२ ला सगळ्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने ती सुरू झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. तरी लोक हटले नाहीत. १९८४ मध्ये आरोग्यमंत्री मोनिक बेगिन यांनी कॅनडा हेल्थ ॲक्ट आणला. डॉक्टरांनी पेशंटकडून वरचे पैसे घेतले, तर तेवढी रक्कम केंद्र सरकार त्या प्रांताच्या निधीतून कापणार, असं त्यात लिहिलं. हे सगळं भांडून मिळालंय गं. आणि तू माझ्यासमोर बसून म्हणतेस, "सिस्टिमच मोडलीय." हे वाक्य पुन्हा माझ्या घरात बोलू नकोस. मोडली नाही, मोडतायत.

शाळांचंही असंच झालं. १९९५ मध्ये आपल्या ऑन्टॅरिओ प्रांताचे शिक्षणमंत्री होते जॉन स्नोबेलेन. आधी संकट निर्माण करावं लागेल, असं ते स्वतःच्या अधिकाऱ्यांना सांगत असल्याची चित्रफीत बाहेर आली. मी तेव्हा शाळेत नवीन होते. दोन वर्षांनी, १९९७ च्या ऑक्टोबरात, बिल १६० या शाळांवरच्या नव्या कायद्याविरोधात आम्ही सव्वा लाखाच्या आसपास शिक्षक दोन आठवडे रस्त्यावर होतो. प्रांतातली २१ लाख मुलं घरी बसली होती. मी लोकरीच्या टोपीवर टोपी घालून शाळेच्या फाटकासमोर उभी राहायचे. गाडीतून जाणारे काही जण हॉर्न वाजवून साथ द्यायचे, काही काच खाली करून शिव्या द्यायचे. कायदा व्हायचा तो झालाच. शाळेचे कर ठरवायचा हक्क स्कूल बोर्डांच्या हातून गेला, आणि आमच्या शाळेचं वाचनालय हळूहळू आठवड्यातून दोनच दिवस उघडं राहू लागलं.

आता जे कुणाला सांगत नाही ते लिहिते. १९९९ मध्ये मी माझ्या मुलाला खासगी शाळेत घातलं. सरकारी शाळेत शिकवणारी मी, स्वतःचं पोर उचलून दुसरीकडे नेलं. त्याचं नुकसान नको, एवढाच विचार होता. त्याच्या जुन्या वर्गातल्या एका मुलीची आई रात्री ऑफिसं झाडायची. तिला इंग्रजी फार येत नसे. पालकसभेत तिचं म्हणणं मी मांडायचे. तिने मला पार्किंगमध्ये गाठलं आणि मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, "आता बोलणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा शिकला, मोठा झाला, त्याचं छान चाललंय. तो प्रश्न मात्र तिथेच उभा आहे. ज्याला बोलता येतं तो रांगेतून बाहेर पडला की मागे ज्यांचं कुणी ऐकत नाही तेवढेच उरतात, आणि मग ती रांग कितीही लांबली तरी कुणाला फिकीर नसते.

म्हणून २०१८ मध्ये तुझ्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं तेव्हा मी अडून बसले. सगळे म्हणाले, पुण्याला जा, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल. आपल्यातले कितीतरी जातातच. आम्ही इथल्याच रांगेत १४ महिने थांबलो. रात्री उठताना ते पलंगाची कड धरून कण्हायचे, मी जागी असायचे. मी क्रूर होते, असं तुझी आई आजही म्हणते. असेन. पण त्या १४ महिन्यांत मी आमदाराच्या कार्यालयात नऊ वेळा गेले, दर वेळी लेखी अर्ज दिला, आणि फक्त त्यांच्यासाठी नाही दिला. पुण्याला गेलो असतो तर एकदाही गेले नसते. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. काकांनाही वाटत नाही, विचार हवं तर.

तुझ्या एजन्सीच्या प्रश्नाचंही तेच आहे. ते दुप्पट पैसे आभाळातून पडत नाहीत. हॉस्पिटलच्या त्याच थैलीतून जातात, आणि मग कायम नर्सच्या जागा भरायला पैसे नाहीत असं तुम्हालाच सांगतात. ऑन्टॅरिओ सरकारच्या २०१९ च्या बिल १२४ या कायद्याने तुमची पगारवाढ तीन वर्षं वर्षाला एक टक्क्यावर बांधली. सोडून गेलेल्यांनी तो कायदा पाडला का? तुम्हाला तर संपाचाही हक्क नाही. तरी युनियन कोर्टात गेल्या, २०२२ मध्ये कायदा रद्द झाला, २०२४ मध्ये अपिलातही टिकला नाही. तुझ्या वॉर्डातल्या जुन्या नर्सना २०२३ मध्ये थकबाकी मिळाली, ती राहिलेल्यांनी मिळवलेली. विचार त्यांना.

तुझ्यावर कर्ज आहे, भाडं आहे, हे मला कळतं. पैशांची अडचण असेल तर मोकळेपणाने सांग, आपण बघू. वर्षभर पाळ्या कमी करून घे, वॉर्ड बदलून माग, भांड. पण रांगेत राहून भांड.

गुरुवारी संध्याकाळी तुमच्या युनियनची बैठक आहे, तू स्वतःच सांगितलंस, आणि वर म्हणालीस की कोण जाणार. तुझी पाळी सातला सुटते. मी पावणेसातला गाडी घेऊन खाली उभी राहीन. डबा आणते, गाडीतच खा. आणि हातांना लावायला कोकमाचं तेल ठेवलंय, ते घेऊन जा.

तुझी,
मावशी